ओळख पटली, पैसे गेले

१९८४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मी पहिले बचत खाते उघडले. अर्जाच्या तळाशी एक रकाना होता: ‘ओळख देणाऱ्याची सही व खाते क्रमांक’. आळीतल्या वाण्याने तिथे सही केली. शाखाधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “कुणाचा रे तू?” मी वडिलांचे नाव सांगितले आणि खाते उघडले. पुढे कित्येक वर्षे त्या बँकेने मला जन्मतारीख विचारली नाही. सही मात्र दोनदा जुळली नाही. दोन्ही वेळा कॅशियरने समोर बसवून पुन्हा सही करायला लावली. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

‘ओळख’ या शब्दाच्या पोटात मराठीने दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. ‘त्यांची आमची जुनी ओळख’ म्हणतो तेव्हा आपण परिचयाबद्दल बोलतो. ‘ओळख पटवा’ म्हणतो तेव्हा कागद, क्रमांक, फोटो, अंगठा. पहिली ओळख दोन माणसांमध्ये असते, म्हणून ती कुणाला खिशात घालून नेता येत नाही. दुसरी नेण्यासाठी झेरॉक्सचे दुकान पुरते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बँकांनी पहिल्या ओळखीवरून दुसरीवर बिऱ्हाड हलवले. ते हलवायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बिऱ्हाडाच्या वाटणीबद्दल. सोय आणि बचत बँकांनी बरोबर नेली, जोखमीचे गाठोडे मात्र खातेदाराच्या उंबऱ्यावर ठेवले.

शाखेत न जाता पैशांचा व्यवहार करणे ही काही मोबाइलची देणगी नव्हे. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे शंभर वर्षे कोकणातल्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या. गिरणगावातल्या खोलीत राहणारा चाकरमानी लालबाग-परळच्या पोस्टात पैसे भरायचा आणि ते रत्नागिरी किंवा सावंतवाडीकडच्या एखाद्या वाडीत पोहोचायचे. घेणाऱ्या म्हातारीला सही येत नसेल तर ती अंगठा उठवायची, शेजारचे कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करायचे आणि पोस्टमन नोटा मोजून द्यायचा. पैसा एवढ्या लांबून यायचा, पण शेवटची दहा पावले ओळखीच्या माणसाची असायची. अंगठा होता, पण तो एकटा नव्हता.

आता त्याच वाडीत बँकमित्र छोटे यंत्र घेऊन बसतो. आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगायचे, बोट टेकवायचे, पैसे घ्यायचे. पिन नको, ओटीपी नको. तालुक्याच्या गावी जाण्यात ज्यांची दिवसाची मजुरी बुडायची, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. देशातले पहिले आधार कार्ड २०१० च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, ते उगाच नाही. ज्यांच्याकडे दाखवायला कुठलाच कागद नव्हता त्यांना एक कागद मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. पण काही राज्यांत भामट्यांनी जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्याचे ठसे उचलले, सिलिकॉनची बोटे बनवली आणि लोकांच्या खात्यांतून पैसे काढले. अंगठा तोच राहिला. साक्षीदार तेवढा गळाला.

गोष्टीची मेख इथे आहे. आपण ज्याला ‘ओळख’ म्हणून बँकेपुढे ठेवतो ते गुपित नसतेच. आधारची प्रत आपण लॉजच्या गल्ल्यावर देतो, सिमकार्डच्या दुकानात देतो, सोसायटीच्या कार्यालयात देतो. जन्मतारीख तर वाढदिवसाच्या शुभेच्छांतून चव्हाट्यावर येते. आईचे नाव हा बँकांचा आवडता प्रश्न. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावातच आता आईचे नाव लिहायचे आहे, आणि तो निर्णय स्वागतार्हच आहे. पण जे नाव शाळेच्या हजेरीपटावर वाचले जाणार, ते तिजोरीची किल्ली कसे होणार? जगाला ठाऊक असलेली गोष्ट गुपित धरायची आणि ती दुसऱ्याने सांगितली की ‘तुमची ओळख चोरीला गेली’ म्हणायचे, हा शब्दांचा खेळ आहे. माझी ओळख माझ्याजवळच असते. कुणीतरी बँकेला बनवलेले असते.

हे नुसते तर्कट नव्हे, कायद्याचे जुने तत्त्व आहे. १९८७ सालच्या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहा. त्या वर्षी मुंबईत देशातले पहिले एटीएम बसले. आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा खटला निकाली काढला. कंपनीच्या हिशेबनिसाने वरिष्ठांच्या खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते. रक्कम सव्वातीन लाखांच्या वर होती. बँकेचे म्हणणे असे की कंपनीने वेळच्या वेळी पासबुक तपासले नाही, हा तिचाच हलगर्जीपणा. न्यायालयाने ते मानले नाही. ज्या चेकवरची सही खोटी, तो खातेदाराचा आदेशच नव्हे. आदेश नाही, तर खात्याला हात लावण्याचा बँकेला अधिकार नाही. माझी दोनदा न जुळलेली सही कॅशियरने का ताणून धरली, ते मला हा निकाल वाचल्यावर कळले. चूक झाली असती तर भुर्दंड बँकेला पडणार होता, म्हणून बँकेची नजर तीक्ष्ण होती. ज्याच्या खिशाला कात्री लागते तोच डोळ्यांत तेल घालून पाहतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेव्हा खातेदारांना कुणी म्हटले नाही की तुमची ओळख चोरीला गेली, आता तुम्हीच सोसा. नुकसान बँकेचे, असेच सगळ्यांनी मानले आणि ते बरोबरच होते. मग तीच फसवणूक एकेका खात्यापुरती, पन्नास हजारांची किंवा दोन लाखांची झाली, की न्याय का बदलतो?

तो बदलतो ‘ओटीपी’ या तीन अक्षरांच्या आधाराने. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना संध्याकाळी संदेश आला की मागील वीजबिल भरलेले नाही, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, खालील क्रमांकावर संपर्क साधा. सरांनी बिल भरले होते, पण घरात अंथरुणाला खिळलेली पत्नी आणि तिच्यासाठी विजेवर चालणारे यंत्र. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या ‘अधिकाऱ्याने’ एक ॲप उतरवून घेतले आणि ‘बिल अद्ययावत करण्यासाठी’ दहा रुपये भरायला लावले. त्या ॲपमधून सरांची स्क्रीन त्याला दिसत होती. पाऊण तासात खाते रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी शाखेत मी त्यांच्याबरोबर होतो. समोरची मुलगी वाईट नव्हती, आवाजही मृदू होता. ती म्हणाली, “पण सर, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता ना?” ज्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, ते मान खाली घालून म्हणाले, “हो बाळ, माझ्याच.”

त्या एका ‘हो’वर प्रकरण संपते. जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने खातेदाराला चांगले संरक्षण दिले होते. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर खातेदारावर काडीचाही बोजा नाही. चार ते सात दिवसांत दिली तर बोजा ठरावीक मर्यादेपर्यंत. तक्रारीनंतर दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खातेदाराचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. कागदावर हे १९८७ च्या निकालाचेच नातवंड वाटते. पण त्यात एक फट आहे. खातेदाराने पासवर्डसारखी माहिती स्वतः दिली असेल, तर खबर देईपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. साहजिकच प्रत्येक प्रकरण ओढून त्या फटीत घातले जाते. ओटीपी बरोबर पडला, म्हणजे खातेदारानेच दिला असणार. दिला, म्हणजे हलगर्जीपणा. सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर होते, ते एका प्रश्नाने उलटते.

इथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. भामटा बँकेपुढे माझे सोंग घेतो, तो एक प्रकार: सिलिकॉनचा अंगठा, माझ्या नावावर काढलेले दुसरे सिम, माझ्या पॅनवर उचललेले कर्ज. खोट्या सहीचे तत्त्व इथे जसेच्या तसे लागू व्हावे. दुसऱ्या प्रकारात भामटा माझ्यापुढे बँकेचे, वीज कंपनीचे किंवा पोलिसांचे सोंग घेतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात कुठेही नाही, तरी व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या वर्दीसमोर दोन-दोन दिवस बसून लोकांनी आयुष्याची पुंजी वळती केली आहे. या प्रकारात सही खरी असते. पैसे आपणच पाठवलेले असतात. मग बँकेला कशासाठी धरायचे?

दोन कारणांसाठी. पहिले म्हणजे, लुटलेला पैसा हवेत जात नाही, कुठल्या ना कुठल्या बँकेच्या खात्यात उतरतो. बहुतेक वेळा ते खाते भाड्याचे असते. कुणा गरजू पोराने चार पैशांसाठी पासबुक, कार्ड आणि सिम भामट्याच्या हवाली केलेले असते. पण ते खाते कुठल्या तरी बँकेने केवायसी करूनच उघडले आहे. कालपर्यंत पाचशे रुपये शिल्लक असलेल्या खात्यात दुपारी नऊ लाख येतात आणि अर्ध्या तासात वीस ठिकाणी फुटून निघून जातात, हे त्या बँकेला दिसत नाही? मला हजार रुपयांच्या व्यवहारासाठी तीनदा ओळख पटवायला लावणारी यंत्रणा चोराच्या खात्यापुढे एवढी भोळी का होते?

दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. फसायची सवय आपल्याला बँकांनीच लावली. बँकेकडून म्हणून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो: ‘खात्रीसाठी जन्मतारीख सांगा.’ फोन तुम्ही केला आणि खात्री माझी? सकाळी संदेश येतो, कोणत्याही लिंकवर क्लिक करू नका. दुपारी त्याच बँकेचा दुसरा संदेश, आपले कर्ज मंजूर आहे, या लिंकवर क्लिक करा. ओळख पटवण्याचा हा सारा कारभार एकतर्फी आहे. मी बँकेला शंभर पुरावे देतो, पण ‘मी बँकच आहे’ हे बँकेने मला पटवून द्यायची पद्धतच अनेक वर्षे नव्हती. आता कुठे सुरुवात झाली आहे. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितले. बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नावही त्याच वर्षी आले. पावले योग्य आहेत, पण यूपीआय २०१६ सालचे. घर बांधून नऊ वर्षे झाल्यावर दाराला कडी लावली जात आहे.

इतरत्र काय केले? सिंगापूरमध्ये २०२१ च्या अखेरीस एका बँकेच्या नावाने खोटे संदेश पाठवून शेकडो ग्राहकांना लुटले गेले. त्यानंतर महिन्याभरात तिथल्या बँकांना ग्राहकांना पाठवायच्या ईमेल आणि संदेशांतून लिंका काढून टाकायला लावल्या. ब्रिटनने त्याहून पुढचे पाऊल टाकले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून करायला लावलेल्या हस्तांतराची भरपाई बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत करायची आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मानिम्मा उचलायचा, असा नियम झाला. निम्मा भार स्वीकारणाऱ्या बँकेवर, हे यातले मर्म. चोराचे खाते उघडणाऱ्यालाही किंमत मोजावी लागली, की खाती उघडताना त्याची नजरही आमच्या जुन्या कॅशियरसारखी तीक्ष्ण होते.

यावर आक्षेप येतो तो असा: बँक भरून देणार म्हटले की लोक निष्काळजी होतील, काही जण खोटे दावेही करतील, आणि शेवटी तो खर्च सगळ्या ठेवीदारांवरच पडेल. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ब्रिटिश नियमातही घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवला आहे आणि दाव्यातले पहिले शंभर पौंड बँकेला कापून घेता येतात. पण आयुष्यभराची पुंजी परत मिळेल की नाही याची शाश्वती नसताना, महिनोन्‌महिने हेलपाटे घालायची तयारी ठेवून मुद्दाम बेफिकीर राहील असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. खर्च सगळ्यांवर पडेल हेही खरे. आज तो पडतो कुणावर? जो सर्वांत एकटा, सर्वांत वयस्कर, सर्वांत घाबरलेला, त्याच्या एकट्यावर. आणि तो चोर पकडू शकत नाही, खाती गोठवू शकत नाही, यंत्रणा सुधारू शकत नाही. हे सारे जिला करता येते त्या बँकेचे काहीच जात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमात दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण चोर तुरुंगात गेला म्हणून सरांच्या पासबुकात रक्कम परत उमटत नाही.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. पण ‘सावध राहा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. भीती, घाई आणि थकवा यांच्यापुढे सावधपणा टिकत नाही, सरांचा टिकला नाही. म्हणून सावधपणापेक्षा रचना बदलावी. आपल्या आज्या सगळे पैसे एका डब्यात ठेवत नसत. थोडे फडताळात, थोडे तांदळाच्या पिंपात. मोबाइलला जोडलेले खाते वेगळे आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. पुंजीचे खाते वेगळे, त्याला यूपीआय जोडलेलेच नाही. कार्डाचे परदेशी व्यवहार बंद, रोजची मर्यादा कमी. आधारचा बोटांचा ठसा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून लॉक करून ठेवता येतो, काम पडेल तेव्हा उघडता येतो. प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेल्या आधारची, आणि झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते तारखेसह लिहून. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. न घेतलेले कर्ज प्रथम तिथेच दिसते. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमे चालू आहेत ते कळते. फोनची रेंज अचानक, विनाकारण गेली आणि तासाभरात आली नाही, तर नेटवर्कला शिव्या देत बसू नये. शेजाऱ्याच्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि मग बँकेला गाठावे.

आणि एक नियम, जो घाबरलेल्या माणसालाही पाळता येतो: आलेल्या फोनवर पैशांबद्दल बोलायचेच नाही. फोन ठेवायचा, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक काढून आपण स्वतः लावायचा. बँक खरी असेल तर तिथे असेलच. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे मिळणार आहेत म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला, की तो भामटाच. तरीही घात झाला तर रडण्याआधी १९३० हा क्रमांक लावावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फुटत जाण्याआधी तो अडवायचा, तर मिनिटे मोलाची असतात. त्यानंतर बँकेला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. शाखेत “ओटीपी तुम्हीच दिलात ना?” असे विचारले, तर मान खाली घालू नये. उलट विचारावे: माझे पैसे ज्या खात्यात गेले, ते कुठल्या बँकेत, कुणाची ओळख पटवून उघडले होते?

सरांनी हा प्रश्न लेखी विचारला आहे. उत्तर अजून आलेले नाही. त्यांचे पैसे परत येतील की नाही, मला माहीत नाही. पण प्रत्येक फसलेल्या खातेदाराने लाजेने घरात बसण्याऐवजी हाच प्रश्न लेखी विचारला, तर नियम करणाऱ्यांना तो फार काळ टाळता येणार नाही. ज्याने ओळख पटवून घ्यायची, चुकीची जोखीमही त्यानेच उचलायची. आमच्या गावच्या बँकेत वाण्याने त्या रकान्यात सही केली होती, तेव्हा त्याने स्वतःचा खाते क्रमांकही लिहिला होता.